नाजूक लेखणीवळणाचे मुद्राक्षर

टाकाने सलग लिहिलेल्या तिरप्या, बारीक अक्षराचा भास निर्माण करणारा मुद्राक्षरांचा प्रकार. व्यवहारात तो ‘स्क्रिप्ट फॉन्ट’ या नावाने परिचित आहे. येथे केवळ रोमन लिपीतील परंपरेचा विचार केला आहे.

या प्रकाराचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. यूरोपातील आद्य मुद्राक्षरे हस्तलिखितांवरूनच बेतलेली असल्याने व्यापक अर्थाने गुटेनबर्गच्या बायबलाचे (सु. १४५५) अक्षरही या वर्गात घालता येईल, पण मग वर्गीकरणाला प्रयोजनच उरत नाही. काही जण व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने १५०१ पासून ग्रंथांसाठी वापरलेल्या, फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेल्या इटालिक अक्षराकडे बोट दाखवितात. ते धावत्या हस्ताक्षरावरून घेतलेले असले, तरी त्यातील अक्षरे बहुतांशी सुटीच राहतात. त्यापेक्षा फ्रेंच अक्षरकोरक रॉबेर ग्रांझाँचे ‘सिव्हिलिते’ (ल्याँ, १५५७) अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यात तत्कालीन फ्रेंच हस्ताक्षराचे अनुकरण हाच उघड हेतू आहे.

आज नाजूक म्हणून ओळखले जाणारे वळण मात्र सिव्हिलितेतून आलेले नाही. त्याचा वारसा सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लिश ‘राउंडहँड’ या वळणाकडे जातो. या वळणाचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. जॉर्ज बिकमचा ‘द युनिव्हर्सल पेनमन’ (१७३३–४१) हा त्यांतील विख्यात संग्रह. खाली येताना टोक दाबले की रेघ जाड आणि वर जाताना दाब सोडला की केसासारखी बारीक, हा भेद टाकाचाच आहे. तथापि छापील कित्त्यांतील निर्दोष सफाईत कोरणीचाही वाटा असावा.

धातूच्या खिळ्यांत (छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांत) हे वळण उतरविणे कठीण होते. खिळ्याचा बुंधा चौकोनी असल्याने तिरप्या अक्षराचा भाग बाहेर लोंबे आणि तो सहज तुटे. फ्रेंच मुद्रक फर्मँ दिदो याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिरप्या बुंध्याचे खिळे ओतून यावर उपाय काढला. फोटो-जुळणीमुळे (धातूऐवजी प्रकाशाने अक्षरे उमटविण्याच्या तंत्रामुळे) ही अडचणच दूर झाली; जुना इंग्लिश लेखनशिक्षक चार्ल्स स्नेल याच्या वळणावरून अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध केलेला ‘स्नेल राउंडहँड’ त्याच तंत्रासाठी होता. तरीही सांध्याचा प्रश्न उरलाच. ‘ए’ (a) या छोट्या अक्षराची शेवटची रेघ तळाशी संपते, तर ‘ओ’ची (o) माथ्याजवळ; म्हणून पुढच्या ‘एन’चा (n) आरंभ दोन्ही ठिकाणी सारखा ठेवला, तर एक सांधा हमखास बिघडतो. ओपनटाइप या संगणकीय स्वरूपातील फॉन्टमध्ये शेजारचे अक्षर पाहून पर्यायी रूप आपोआप योजता येते, आणि या प्रकाराला त्याइतका लाभ अन्य कोणत्याही तांत्रिक सुधारणेने झालेला नाही.

निमंत्रणपत्रे, प्रमाणपत्रे, वेष्टने व बोधचिन्हे हे याचे नेहमीचे उपयोग. सलग मजकुरास तो अयोग्य ठरतो. अक्षरांतील अंतर वाढविल्यास सांधे तुटतात, संपूर्ण शब्द मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत जुळविल्यास गिरक्या एकमेकींत अडकतात, आणि लहान आकारात किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापताना शाई पसरून बारीक रेघा बुजतात.