चित्रकार आणि गिऱ्हाईक

थोरला पीटर ब्रूगेल (मृत्यू १५६९) या फ्लेमिश चित्रकाराचे लेखणी आणि तपकिरी शाईतील रेखाचित्र. काळ १५६५–६६ च्या सुमाराचा. उंची सुमारे २५.५ सेंमी., रुंदी सुमारे २१.५ सेंमी. सध्या ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे.

पुढे विस्कटलेल्या केसादाढीचा, कपाळाला आठ्या घातलेला चित्रकार हातात कुंचला धरून उभा आहे. त्याच्या खांद्यामागून चश्मा लावलेला गिऱ्हाईक डोकावतो. तोंड उघडे, हात पैशाच्या पिशवीवर. दोघांसमोरचे चित्र मात्र कागदात कुठेच नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला फक्त दोन नजरा मिळतात, आणि गंमत त्यांच्यातल्या फरकातच आहे. नेदरलँड्समधील एका जुन्या म्हणीनुसार घुबडाला बघायचेच नसेल तर मेणबत्ती आणि चश्मा देऊन काय उपयोग? आपल्याकडचे ‘गाढवाला गुळाची चव काय’ त्याच जातीचे. त्या अर्थाने इथला चश्मा अडाणीपणाची खूण ठरतो. चित्रकार म्हणजे स्वतः ब्रूगेलच, असे पूर्वी मानत. पण त्याला आधार नाही. ही व्यक्तिचित्रे नसून दोन नमुने आहेत, असे समजणेच सयुक्तिक.

त्या काळी लेखणी बहुधा हंसवर्गीय पक्ष्याच्या पंखातील मोठ्या पिसाची असे. पिसाची नळी गरम वाळूत कडक करून टोक तिरपे कापत आणि मधोमध चीर देत. चीर लांबली तर टोक फाकून डाग पडतात, टोक झिजले की रेघ जाड होते. दाब वाढवला की रेघ रुंदावते, हलका केला की केसासारखी बारीक होते. केस, दाढी आणि कापडाचा पोत असा एकाच लेखणीतून निघतो. छायेसाठी समांतर तिरक्या रेघा, गडद भागात त्यांवर दुसऱ्या दिशेने आडछेद. कागदाला सरस (शाई शोषली जाऊ नये म्हणून दिलेला चिकट लेप) कमी बसला असेल तर शाई पसरते. सरस नीट बसलेल्या कागदावर ती काठाला थांबते.

त्या काळची नेहमीची शाई मायफळ (ओकच्या झाडावर येणारी गाठ), हिराकस (लोहाचा क्षार), डिंक आणि पाणी यांची. प्रचलित प्रमाणांपैकी एक म्हणजे अनुक्रमे ३ : २ : १ भाग, पाणी गरजेपुरते. ती उमटताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि कित्येक वर्षांनी तपकिरी पडते. म्हणून आज तपकिरी दिसणारी रेघ मुळात तपकिरीच होती, असे धरून चालत नाही. हिराकस जास्त झाला तर उरलेले लोह आणि आम्ल कागद खातात. दाट रेघांच्या जागी आधी तडे जातात, मग भोके पडतात. दमट हवेत हे वेगाने होते. अशी रेखाचित्रे सुमारे ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मंद प्रकाशात थोडे महिने दाखवून पुन्हा अंधारात ठेवतात.

या चित्राच्या जुन्या नकलाही आहेत. नक्कल ओळखायला विषयापेक्षा रेघ पाहावी. नकलाकाराला सारखे मूळ चित्राकडे बघावे लागते, म्हणून त्याची रेघ संथ आणि एकसारख्या जाडीची येते. हात थांबला तिथे शाईचा थेंब साचतो. मूळ रेघ आकाराच्या वळणाप्रमाणे बारीक-जाड होते. पहिली तपासणी केसांच्या बटांवर करावी, कारण तिथे हात अडखळला की लगेच दिसतो.