व्हिटनीची लॉटरी लागली म्हणजे परमिट मिळालं असं नाही

दरवर्षी मार्चमध्ये आपल्या ग्रुपवर कुणीतरी "लागली रे लॉटरी" टाकतं आणि एप्रिल संपता संपता तोच माणूस विचारतो की परमिट कुठे गेलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माउंट व्हिटनी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इन्यो नॅशनल फॉरेस्टमधलं शिखर, उंची 14,505 फूट. 1 मे ते 1 नोव्हेंबर रोज 100 जण डे-हाइकला (एका दिवसात जाऊन येणं) आणि 60 जण मुक्कामाला, बस, म्हणून परमिटसाठी लॉटरी. अर्ज 1 फेब्रुवारी ते 1 मार्च, रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर, 6 डॉलर फी, नंबर नाही लागला तरी ती गेलीच. सिटिझनशिप, व्हिसा कुणी विचारत नाही, पुण्याहून आलेले आईबाबा पण चालतात, फक्त लहान पोरसुद्धा एक डोकं धरलं जातं.

आता जिथे सगळे आपटतात ते. 15 मार्चला निकाल येतो, पण नंतर 21 एप्रिलच्या आत लॉगिन करून तारीख स्वीकारायची आणि माणशी 15 डॉलर भरायचे. नाही केलं तर जागा गेली, आणि 22 एप्रिलला सकाळी 7 ला ती दुसरंच कुणीतरी उचलतं. (ज्यांचं नशीब फुटकं त्यांनी त्या दिवशी अलार्म लावा.) तारखा त्या वर्षाच्या पानावर एकदा बघून घ्याच.

दुसरं, लीडर. परमिट लीडरच्या नावावर असतं, ते विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, लीडर स्वतः फोटो आयडी घेऊन हजर पाहिजे. पर्यायी लीडरचं नाव अर्ज भरतानाच टाकायचं, नंतर नाही. आमच्या एका मित्राने तो रकाना "बघू नंतर" म्हणून मोकळा सोडला, ऐन वेळी त्याला ऑफिसने टूरवर पाठवलं आणि बाकीचे पाच जण घरी बसले. नियम कडक आहे, मला पण राग येतो, पण रागावून परमिट मिळत नाही.

तिथे कागदावरच्या नावाचं वजन जुनंच आहे म्हणा. 1864 मध्ये सर्व्हेवाल्यांनी लांबूनच बघून शिखराला आपल्या साहेबाचं, व्हिटनीचं नाव देऊन टाकलं. त्यातलाच क्लॅरन्स किंग 1871 मध्ये चढला ते शेजारचं माउंट लँगली निघालं, आणि त्याला चूक सुधारायला मिळेपर्यंत ऑगस्ट 1873 मध्ये पायथ्याच्या लोन पाइन गावचे, मासे धरायला आलेले तिघे जण खऱ्या शिखरावर जाऊन पण आले. त्यांनी नाव ठेवलं फिशरमन्स पीक. टिकलं नाही, नकाशावर व्हिटनीच राहिलं.

आणि डे परमिट म्हणजे मध्यरात्री 12 ते मध्यरात्री 12. येऊनजाऊन 22 मैल आहेत, म्हणून काही जण आदल्या रात्री 11 ला निघतात, ते चालत नाही, 12 वाजून गेल्यावर निघा. मलविसर्जनाची पिशवी पण सोबत लागते आणि वापरलेली खाली आणायची, नाक मुरडू नका.

काहीच नाही लागलं तर लोन पाइन लेकपर्यंत डे-हाइकला परमिट लागत नाही, चढाई जिथून सुरू होते त्या व्हिटनी पोर्टलवरून जेमतेम तीन मैल, आईबाबांना घेऊन तिथे जा.