‘आमचा असाच घोरतो’

पग, फ्रेंच बुलडॉग किंवा तशाच चपट्या तोंडाच्या एखाद्या कुत्र्याच्या मालकाला विचारून पाहा, याला श्वास घ्यायला त्रास होतो का? बहुतेकदा उत्तर येतं, ‘छे, या जातीचे सगळे असेच घोरतात.’ लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न रीतसर विचारला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, श्वासमार्गात अडथळा असल्याचं तपासणीत दिसलेल्या कुत्र्यांच्या मालकांपैकी ५८ टक्के जणांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काहीच त्रास नाही असं सांगितलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) कुत्रा झोपेत घोरतो, थोडं हिंडलं की धापा टाकतो, हे याच मंडळींनी त्याच प्रश्नावलीत लिहून दिलं होतं. सगळं दिसत होतं, पण त्याला आजार म्हणावं असं कुणाला वाटत नव्हतं.

ही माणसं निष्काळजी नव्हती. कुत्र्याला घेऊन रुग्णालयापर्यंत आली होती. म्हणूनच हा आकडा मला फार बोलका वाटतो. उपाशी ठेवणारा, मारणारा, साखळीला बांधून विसरून जाणारा मालक चटकन ओळखू येतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते, कायदा करता येतो. पण पाळीव कुत्र्यांचा बराचसा त्रास प्रेमळ घरांत, प्रेमळ माणसांच्या डोळ्यांदेखत होत असतो. तिथे माया भरपूर असते, कुत्र्याकडे बघण्याची नजर मात्र माणसाची असते.

चपट्या तोंडाचंच उदाहरण पुढे नेऊ. निवड करत करत माणसाने या जातींची कवटी आखूड केली, पण तिच्या आतलं सगळं त्या प्रमाणात आखूड झालं नाही. टाळूचा मऊ भाग लांबच राहिला, तो मागे घशात लोंबतो आणि हवेची वाट अडवतो. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद. काहींची श्वासनलिकाही बारीक. माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. धापा टाकताना नाका-तोंडाच्या ओल्या पृष्ठभागांवरून हवा खेळते, तिथलं पाणी उडून जातं आणि त्यातून त्याचं अंग थंड होतं. ज्याची हवेची वाटच चिंचोळी, त्याची ही यंत्रणाही अपुरी. म्हणून उष्माघाताने दगावणाऱ्यांत हे कुत्रे पुढे असतात. नाकपुड्या रुंद करण्याची, टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते आणि तिने पुष्कळांना आराम पडतो. पण जन्माला आलेल्या प्राण्याला नीट श्वास घेता यावा म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते, यात काहीतरी मुळातच चुकलंय, हे मान्य करायला हवं.

हे चेहरे आपल्याला आवडतात याचं कारण कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडलं होतं. गोल डोकं, मोठे डोळे, फुगरे गाल, बुटकं नाक अशी तान्ह्या बाळाची ठेवण दिसली की आपल्यात सांभाळण्याची ऊर्मी जागी होते. पगचा चेहरा नेमकी तीच कळ दाबतो. काही देशांनी आता प्रजननावरच बोट ठेवलंय. नेदरलँड्सने २०१९ पासून निकष लावले, त्यानुसार प्रजननासाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्याचं नाकाड कवटीच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश हवं. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं शुद्ध जातीतलं प्रजनन प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं. या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार आणि मेंदूला कवटी अपुरी पडण्याचा दोष इतका पसरलाय की जातीच्या आत निरोगी जोडी मिळणंच अवघड होऊन बसलंय.

एक आकडा समाजमाध्यमांवर फार फिरतो. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात फ्रेंच बुलडॉगचं जन्मावेळचं सरासरी अपेक्षित आयुष्य जेमतेम साडेचार वर्षं निघालं, तर जॅक रसेल टेरियरचं पावणेतेरा. तो आकडा खरा आहे, पण जपून वाचायला हवा. फ्रेंच बुलडॉगची लाट अलीकडची, त्यामुळे नोंदींत कोवळ्या वयाचे कुत्रे खूप आणि म्हातारे होण्याइतका वेळ मिळालेले थोडे. सरासरी त्यामुळेही खाली येते. फरक खराच मोठा आहे. फक्त प्रत्येक फ्रेंच बुलडॉग साडेचार वर्षांत जातो, असा त्याचा अर्थ नाही.

आता जरा वजनाकडे. अंगाने भरलेला कुत्रा म्हणजे सुखवस्तू कुत्रा, ही समजूत जगभर आहे. अमेरिकेत लॅब्रेडोरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्याच्या पुढे जगले ते वय) १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, शिवाय सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं वाढवणारं औषध बाजारात आलं, तर त्यासाठी रांगा लागतील. इथे ती वर्षं वाडग्यातला चौथा हिस्सा कमी करून मिळाली.

तरीही वाडगा भरलाच जातो, कारण समोर ते डोळे असतात. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. हे जनुक भूक भागल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीतलं आहे. निरोपच नीट पोहोचत नसेल तर कुत्रा सतत भुकेला राहतो आणि ते सोंग नसतं. त्याच गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च करतात. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी. अशा लॅबला बारीक ठेवणाऱ्या मालकाला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त मन घट्ट करावं लागतं, याची दखल कुणी घेत नाही. तपासायची रीत मात्र सगळ्यांना एकच: छातीवर हलका हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे.

डोळ्यांवर विसंबून आपण आणखी एक गोष्ट चुकीची वाचतो, ती म्हणजे अपराधीपणा. मालक घरी येतो, उशीचा कापूस घरभर पसरलेला असतो आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसलेला. ‘बघा, त्याला कळतंय आपण काय केलं ते!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर ही गोष्ट तपासली. समोर ठेवलेला खाऊ खायचा नाही, असं बजावून मालक खोलीबाहेर जाई. आत काय घडलं हे प्रयोग करणारी व्यक्ती मालकाला कधी खरं सांगे, कधी खोटं. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता, याने त्याच्या ‘अपराधी’ चेहऱ्यात काही फरक पडला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे. इतकंच काय, खाऊला तोंडही न लावता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. तो चेहरा कबुलीजबाब नसतो. समोरच्याचा राग निवावा म्हणून केलेली ती विनवणी असते. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीसाठी आत्ता मारलेली थप्पड कुत्रा उशीशी जोडतच नाही. तो ती मालकाच्या घरी येण्याशी जोडतो. मग दुसऱ्या दिवशी दार वाजलं की तो आधीच कान पाडतो आणि आपल्याला नवा ‘पुरावा’ मिळतो.

शिक्षेच्या समर्थनाला एक जुनी गोष्टही पुढे केली जाते. कुत्रा म्हणजे लांडगाच, कळपात म्होरक्या होण्यासाठी तो सतत धडपडतो, म्हणून त्याला आधीच दाबून ठेवा. या कल्पनेचा उगम १९४७ च्या एका अभ्यासात सापडतो. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं नोंदवली होती. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने म्होरक्याची ही संकल्पना घरोघरी पोहोचवली. पण याच मेक यांनी नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप हे एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे सत्तेसाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. स्वतःचंच गाजलेलं मत असं खोडून काढणारे शास्त्रज्ञ थोडे. दुर्दैवाने मधल्या काळात ते मत श्वानप्रशिक्षकांच्या तोंडी इतकं बसलं, की अजून निघालेलं नाही.

शिक्षेने कुत्रा शिकत नाही, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न किमतीचा आहे. पोर्तुगालमधल्या सात प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. गळपट्ट्याला हिसके देणं, ओरडणं अशा पद्धतीने शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये प्रशिक्षणाच्या वेळी ओठ चाटणं, जांभया देणं, अंग आक्रसून घेणं अशी तणावाची लक्षणं जास्त दिसली आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरकही वाढलं. जांभई आणि ओठ चाटणं हे तणावाचे शब्द आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय आणि कुत्रा मान दुसरीकडे वळवून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत गप्प बसलाय, असा फोटो लोक कौतुकाने दाखवतात. तो कुत्रा ‘मला सोडा’ असं सांगत असतो. हे कुणी ऐकलं नाही तर पुढची पायरी गुरगुरण्याची. गुरगुरल्याबद्दल मारलं तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो.

भीतीचा विषय निघालाच आहे तर पिल्लू घरी येण्याआधीच्या दिवसांबद्दल बोललं पाहिजे. १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लांना उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा संपर्क येऊ न देता वाढवलं आणि वेगवेगळ्या वयाला आठवडाभर माणसांच्या सहवासात आणलं. पाच ते नऊ आठवड्यांच्या सुमारास आलेली पिल्लं माणसाळली. ज्यांना १४ आठवडे माणूस दिसलाच नाही, ती पुढेही रानटीच राहिली. आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही, मिळूही नये. पण त्याने एक खिडकी दाखवली. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होतं. खिडकी मिटल्यावर भेटणारी नवी गोष्ट मुळात संशयास्पद.

या खिडकीचा पहिला अर्धा भाग पिल्लाच्या जन्मघरी जातो. म्हणून पिल्लू कुठून आणायचं, हा फक्त नीतीचा मुद्दा राहत नाही. पिंजऱ्यांच्या रांगांत, अंधाऱ्या खोलीत वाढलेलं पिल्लू गोंडस दिसेल, निरोगीही असेल, पण घरातले आवाज, लहान मुलं, जिना, झाडू यांच्याशी त्याची ओळख झालेली नसते. पिल्लाची आई तिच्या राहत्या जागी बघायला मिळाली पाहिजे. ती कशी राहते आणि माणसाला पाहून काय करते, यातून वंशावळीच्या कागदापेक्षा जास्त कळतं. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करत असेल तर परत फिरावं. आणि हो, ‘लसीकरण पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचं नाही’ हा सल्ला शब्दशः पाळला तर खिडकी मिटून जाते, कारण लसींचा शेवटचा डोस बहुधा सोळाव्या आठवड्याच्या आसपास असतो. त्याआधी पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवता येतं आणि लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी भेटवता येतं.

प्राणिकल्याणाच्या शास्त्राची सुरुवात तशी फार थोडक्या मागण्यांनी झाली. १९६५ मध्ये ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीने कोंडून ठेवलेल्या जनावरांसाठी एवढंच मागितलं होतं, की त्यांना उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत. पुढे भूक, वेदना, भीती यांपासून मुक्ती असे निकष आले. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी १९९४ पासून विकसित केलेल्या चौकटीने हळूहळू वेगळाच प्रश्न पुढे आणला: त्रास नाही हे ठीक, पण या प्राण्याला काही आनंद मिळतोय का?

कुत्र्याच्या बाबतीत या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर त्याच्या नाकात आहे. होरोविट्झ आणि शार्लट ड्युरांटन यांनी २० पाळीव कुत्र्यांवर २०१९ मध्ये एक प्रयोग केला. एका गटाने दोन आठवडे रोज वास काढत खाऊ शोधला, दुसरा गट मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकला. आधी आणि नंतर त्यांची एक चाचणी घेतली: वाडगा अशा जागी ठेवायचा, की त्यात खाऊ असेल की नाही याचा अंदाज येऊ नये. हुंगणारे कुत्रे नंतर अशा वाडग्याकडे अधिक लगबगीने गेले, म्हणजे ते अधिक आशावादी झाले होते. चालणाऱ्या गटात असा बदल दिसला नाही. दर खांबापाशी थांबणाऱ्या कुत्र्याला ओढत नेणारा मालक फिरण्याचा व्यायाम पुरा करतो, पण कुत्र्यासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः हुंगणं असतं. वेळ वीसच मिनिटं असेल तरी हरकत नाही, रस्ता कुत्र्याला निवडू द्यावा.

आणि शेवटी दुखणं, कारण ते सगळ्यात उशिरा वाचलं जातं. ब्रिटनमधल्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या अंदाजाने किमान तिसऱ्या हिश्शाच्या तक्रारींमागे कुठलं ना कुठलं दुखणं होतं आणि काही पशुवैद्यांच्या नोंदींत तर हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत गेलं. हात लावू न देणारा, अचानक आवाजांना घाबरू लागलेला, सोफ्यावर चढायचं सोडलेला, ‘वयामुळे शांत झालेला’ कुत्रा, या सगळ्यांत आधी दुखणं शोधायला हवं. कुत्रा दुखलं म्हणून क्वचितच ओरडतो. दवाखान्यातही फसगत होते: परक्या जागेच्या ताणात तो लंगडणं विसरून तुरुतुरु चालतो आणि पशुवैद्याला काहीच दिसत नाही. म्हणून त्याचं सकाळी उठतानाचं, जिना चढतानाचं, वळतानाचं चालणं घरीच मोबाइलवर टिपून ठेवावं. चित्रफीत दोन महिन्यांपूर्वीचीही असेल तर उत्तमच, कारण रोज पाहणाऱ्याला न दिसलेला फरक दोन चित्रफिती शेजारी ठेवल्या की दिसतो.