जर्मनीत चर्चच्या किटामध्ये मुलाला जागा कशी मिळवायची? आश्रय मागणाऱ्या आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी माहिती

जर्मनीत पाळणाघर आणि बालवाडी या दोन्हींना मिळून 'किटा' म्हणतात. त्यातल्या साधारण एक तृतीयांश चर्चच्या आहेत. कुठे स्थानिक चर्च स्वतः किटा चालवतं, कुठे डियाकोनी (प्रोटेस्टंट चर्चची समाजसेवा संस्था) किंवा कारितास (कॅथलिक चर्चची). 'आपण ख्रिस्ती नाही, मग कशाला विचारायचं' असं मनात आलं तर ते बाजूला ठेवा. या किटांच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून येतो आणि इतर धर्मांची मुलं तिथे नेहमीच असतात. जेवणाआधी छोटी प्रार्थना होते, नोव्हेंबरात सेंट मार्टिन या ख्रिस्ती संताच्या सणाची कंदील मिरवणूक निघते. मूल काय खात नाही आणि कशात भाग घेणार नाही, हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगा.

हक्क कोणाला? १ ऑगस्ट २०१३ पासून, एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला कायद्याने जागेचा हक्क आहे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्या किंवा 'डुल्डुंग'वर, म्हणजे परत पाठवणी तात्पुरती थांबवल्याच्या कागदावर, राहणाऱ्या कुटुंबांची मुलंही त्यात येतात. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र आईवडील नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षणात असल्याचं सहसा दाखवावं लागतं. आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीला ठेवतात त्या पहिल्या स्वागत केंद्रात राहत असाल तर राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. तिथल्या समाजसेवकाला विचारा.

एका भीतीबद्दल सविस्तर सांगायला हवं. कागदपत्रं अपुरी असलेले पालक मुलाला घरीच ठेवतात, कारण किटा आपली माहिती परदेशी नागरिक कार्यालयाला कळवेल असं त्यांना वाटतं. सरकारी कार्यालयांवर असं कळवण्याचं बंधन आहे, पण शाळा आणि बालशिक्षण संस्थांना २०११ साली त्यातून वगळण्यात आलं. फीमाफीचा अर्ज मात्र किटात नव्हे, सरकारी कार्यालयात जातो. म्हणून ज्यांच्याकडे निवासाचा कुठलाच कागद नाही, त्यांनी तो भरण्याआधी सल्ला केंद्रात बोलून घ्यावं.

अर्ज दोन ठिकाणी चालतो. आधी शहराच्या बालकल्याण कार्यालयात, म्हणजे 'युगेंडाम्ट'मध्ये, किंवा शहराच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करा. बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये तिथून 'गुटशाइन', म्हणजे किटाच्या जागेसाठीचं सरकारी कूपन, मिळतं, ते घेऊन किटा शोधायची. सोबतच जवळच्या दोन-चार किटांमध्ये स्वतः जाऊन प्रतीक्षा यादीत नाव घाला. फोनपेक्षा प्रत्यक्ष भेट खूप उपयोगी पडते. किटाचं वर्ष साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण कुटुंबं मध्येच गाव सोडतात आणि जागा रिकाम्या होतात, म्हणून चौकशी थांबवू नका.

सोबत न्यायचे कागद: मुलाचा जन्मदाखला, पालकांचं ओळखपत्र किंवा निवासाचा कागद, पत्त्याची नोंदणी, लसीकरणाची पुस्तिका, डॉक्टरांच्या नियमित तपासण्यांची पिवळी वही, आणि मदत मिळत असेल तर त्याचं मंजुरीपत्र. जन्मदाखला वाटेत हरवला असेल तर मुलाचं नाव आणि जन्मतारीख असलेला निवासाचा कागद दाखवा आणि तो चालेल का ते विचारा. सूट मिळत नाही ती गोवराच्या लशीत. १ मार्च २०२० पासून एक वर्ष झालेल्या मुलाला एक आणि दोन वर्षं झालेल्याला दोन डोस, किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा वा लस देता येत नसल्याचा डॉक्टरी दाखला, दाखवल्याशिवाय प्रवेश देता येत नाही. पुस्तिका नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे आधीच जा. आश्रय मागणाऱ्यांना ही लस मोफत मिळते.

फी? ऑगस्ट २०१९ पासून, आश्रयार्थी भत्ता, नागरिक भत्ता (काम नसलेल्या किंवा कमी कमाई असलेल्यांची निर्वाह मदत), घरभाडे मदत किंवा बालपूरक भत्ता घेणाऱ्या कुटुंबांना पालक-फी माफ आहे. दुपारच्या जेवणाचे पैसे वेगळे असतात, पण तेही 'बिल्डुंग उंड टाइलहाबे' या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांसाठीच्या सरकारी योजनेतून भरले जातात. त्याचा अर्ज बऱ्याचदा निराळा असतो आणि तोच राहून जातो.

जागाच मिळाली नाही तर युगेंडाम्टला लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुढे प्रशासकीय न्यायालयात जायची वेळ आली तर तीच कामी येते. कारितास आणि डियाकोनीच्या स्थलांतरित सल्ला केंद्रांमध्ये फॉर्म भरायला मोफत मदत मिळते.

जागा मिळाल्यावर पहिले काही आठवडे 'आइनगेव्योनुंग' असते: आधी पालक मुलाजवळ बसतात, मग हळूहळू दूर राहण्याचा वेळ वाढवतात. भाषेचा वर्ग किंवा नवी नोकरी त्याच आठवड्यांत सुरू होत असेल तर तारीख ठरवतानाच किटाला सांगा.