गुडघ्यातलं पाणी, कूर्चेची जाळी आणि उंदरांची बातमी

2025 च्या शेवटी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांचा एक पेपर 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला आणि पाठोपाठ "गुडघ्याची कूर्चा परत उगवली, आता रिप्लेसमेंट विसरा" छापाच्या बातम्यांचा पूर आला (कूर्चा म्हणजे कार्टिलेज हो). पेपर चांगला आहे, त्याच्याकडे येतोच, पण ते उंदीर होते हे बातमीच्या सातव्या परिच्छेदात, आणि फॉरवर्डमध्ये तर नाहीच. त्याहून मोठी अडचण अशी की "म्हणजे आता वंगण परत भरता येणार ना?" असं विचारणाऱ्यांच्या डोक्यात गुडघ्याचं जे चित्र आहे तेच मुळात गडबडलेलं आहे. गुडघा म्हणजे बिजागरी, तिच्यात तेल, वय झालं की तेल सुकलं आणि हाडावर हाड घासायला लागलं. हे चित्र एकदा मान्य केलं की उपाय ओघानेच येतो, तेल घाला. आणि नेमकं तेच गोळ्यांच्या डब्यांवर आणि इंजेक्शनच्या जाहिरातींत विकलं जातं.

तर आधी हे सांगतो, ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (लोक ज्याला गुडघ्याची झीज म्हणतात त्या आजाराच्या) सुरुवातीला कूर्चा सुकत नाही. उलट तिच्यातलं पाणी वाढतं! 1976 मध्ये ॲलिस मारूडास या संशोधिकेने 'नेचर' या शोधपत्रिकेत याचं कारण मांडलं होतं आणि ते कळलं की या आजाराबद्दलचं निम्मं कोडं सुटतं, त्यामुळे इथे जरा जास्त वेळ घालवणार आहे, कंटाळा आला तर पुढच्या भागात उडी मारा.

मांडीच्या हाडाच्या टोकावर आणि नडगीच्या हाडाच्या माथ्यावर कूर्चेचा गुळगुळीत पांढरट थर असतो, साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा. त्यात 70 ते 80 टक्के पाणी. उरलेल्यात मुख्य दोन गोष्टी. एक म्हणजे टाइप 2 कोलॅजेन या प्रोटीनच्या तंतूंची घट्ट जाळी. दुसरी म्हणजे त्या जाळीत कोंबून भरलेले ॲग्रेकन नावाचे अवाढव्य रेणू, बाटली धुवायच्या ब्रशसारखे केसाळ, आणि प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार. सारखे भार एकमेकांना ढकलतात हे शाळेत शिकलोय. शिवाय हे भार तोलायला आजूबाजूच्या द्रवातले सोडियमसारखे धन आयन आत येतात, आत आयन जास्त झाले की ऑस्मोसिसने पाणीही आत ओढलं जातं, आणि ॲग्रेकन तर जाळीत अडकलेलं, ते बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे ही ओढ कधी संपतच नाही. ॲग्रेकनला मोकळं सोडलं तर ते पाणी पिऊन कितीतरी पट फुगेल, पण जाळी त्याला फुगू देत नाही. त्यामुळे कूर्चा कायम आतून ताणलेली, दाबाखाली असते, तुम्ही झोपलेले असलात तरीही.

आता पाऊल टाकलं. वजन आलं. कूर्चेतली छिद्रं नॅनोमीटरच्या मापाची, त्यातून पाणी बाहेर पडायला बराच वेळ लागतो आणि पाऊल तर सेकंदभरही टेकलेलं नसतं, म्हणजे पाण्याला पळायला वेळच मिळत नाही, ते आतल्या आत दाबलं जातं आणि भार तेच उचलतं. सुरुवातीच्या क्षणी तर 90 टक्क्यांहून जास्त भार हे पाणी पेलतं, घन भागाच्या वाट्याला जेमतेम काही येतं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना घर्षण इतकं कमी असतं (गुणांक 0.01 च्याही खाली जातो) त्यामागे मुख्य हेच आहे. सांध्यातल्या द्रवाचा आणि त्यातल्या ल्युब्रिसिन या प्रोटीनचा हातभार आहेच, नाही असं नाही, पण वंगणाच्या पातळ थरापेक्षा हा आतला दाब मोठा खेळाडू आहे. एकाच जागी खूप वेळ उभं राहिलं की पाणी हळूहळू पिळून निघतं, हिंडतंफिरतं राहिलं की दाबाची जागा बदलत राहते आणि पाणी परत आत शिरतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिच्या पेशींना अन्न मिळतं तेही याच द्रवातून, ही हालचाल त्यांची रसद आहे.

बिघाड होतो तो जाळीत. एडीएएमटीएस नावाची एन्झाइम्स ॲग्रेकन कापतात, एमएमपी-13 कोलॅजेन कापतं. जाळी सैल झाली की ॲग्रेकनला फुगायला मोकळीक मिळते, पाणी वाढतं, कूर्चा मऊ आणि सुजकी होते, छिद्रं मोठी होतात, आणि मग पाऊल टाकल्यावर पाणी भसकन निसटतं, सगळा भार तंतूंवर आणि पेशींवर येतो, त्या पेशी चिडून आणखी एन्झाइम्स सोडतात, जाळी आणखी सैल. चक्र चालू. सायकलची ट्यूब कितीही चांगली असली तरी टायर फाटलं की हवा भरून काय फायदा, तसंच हे.

बरं, जाळी शरीर परत विणतं का? याचं उत्तर ज्या रीतीने मिळालं ती मला भयंकर आवडते. 1950 आणि 60 च्या दशकात जमिनीवर अणुचाचण्या झाल्या, त्याने हवेतलं कार्बन-14 (कार्बनचं किरणोत्सारी रूप) जवळजवळ दुप्पट झालं आणि 1963 च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. म्हणजे शरीरातलं प्रोटीन ज्या वर्षी बनलं त्या वर्षाचा शिक्का त्यात बसलेला असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या लोकांच्या गुडघ्यातलं कोलॅजेन घेऊन हा शिक्का मोजला, 2016 मध्ये निष्कर्ष छापले. प्रत्येकाच्या कोलॅजेनवर शिक्का त्याच्या लहानपणीचा आणि किशोरवयाचा! वाढ थांबल्यावर जाळी जवळजवळ नव्याने विणली गेलीच नव्हती, ज्यांना आर्थ्रायटिस होता त्यांच्यातही नाही. ॲग्रेकन बदलत राहतं, जाळी नाही. विल्यम हंटर या शल्यविशारदाने 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, फक्त का ते त्याला सांगता आलं नव्हतं.

आता दुखण्याबद्दल. कूर्चेत मज्जातंतू नाहीत, ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूच्या ऊती. एक्सरेमध्ये तर कूर्चा दिसतही नाही, दिसते दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि "गॅप कमी झालाय" हे त्यावरून काढलेलं अनुमान. म्हणून वाईट एक्सरेवाला माणूस आरामात जिने चढतो आणि बऱ्या एक्सरेवाला कळवळतो, असं सर्रास दिसतं. गुडघा नुसता कटकट वाजतो, दुखत नाही, सुजत नाही, तर त्याची चिंता सहसा करायची गरज नसते.

उपचारांकडे पटकन येतो. पहिल्या रांगेत व्यायाम, विशेषतः मांडीच्या पुढच्या स्नायूंचा, आणि वजन कमी करणं. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो असं मोजलेलं आहे. 2024 मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची ट्रायल आली, लठ्ठपणा आणि गुडघ्याचा आर्थ्रायटिस दोन्ही असलेले लोक, 68 आठवडे, वजन सरासरी 13.7 टक्के उतरलं (प्लासिबोवाल्यांचं, म्हणजे औषध नसलेलं खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचं, 3.2 टक्के) आणि वेदना 100 च्या मापावर जवळपास 42 अंकांनी कमी झाली. पण बघा, प्लासिबोवाल्यांचीही 27.5 अंकांनी झाली! हा आकडा लक्षात ठेवा, कारण गुडघ्याच्या प्रत्येक उपचाराची कथा इथे येऊन अडखळते. दुखणं आपोआप कमी-जास्त होतं, लोक उपचार घेतात ते दुखणं शिखरावर असताना, आणि मग जे काही केलं त्याने बरं वाटलं असं वाटतं. 2002 मध्ये ह्यूस्टनला दुर्बिणीतून गुडघा साफ करण्याच्या ऑपरेशनची परीक्षा झाली, काहींना खरं ऑपरेशन, काहींना नुसते त्वचेवर छेद, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नाही. चुंबकी आणि तांब्याची कडी? त्यांचीही रीतसर ट्रायल झालीय, प्लासिबोपलीकडे काही निघालं नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची 2006 च्या मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये एकंदरीत तीच गत. आणि पोटातून घेतलेल्या कोलॅजेनचं पोटात पचून अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, ते गुडघ्यात जाऊन जाळी विणायला बसतील ही आशा फारच गोड आहे.

वेदनाशामक जेल आणि गोळ्या काम करतात, गोळ्या पोट-किडनी-हृदय सांभाळून. स्टेरॉईडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देत राहिल्यावर कूर्चा सलाइन दिलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली आणि वेदनेत फरक नाही, असं 2017 मध्ये दिसलं. हायलुरोनिक ॲसिडचं इंजेक्शन म्हणजे ते 'वंगण', त्याचा प्लासिबोवरचा जादा फायदा जाणवण्याइतकाही नसतो. आणि शेवटी रिप्लेसमेंट, ज्याला लोक उगाच घाबरतात. खरंच गरज असेल तर ते उत्तम ऑपरेशन आहे, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षं टिकतात. एक्सरे वाईट दिसतो म्हणून ते करू नये, जगणं अडतंय म्हणून करावं, एवढंच.

आता रिजनरेटिव्ह मेडिसिन, म्हणजे बिघडलेली ऊती परत उगवायचे प्रयत्न. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणायचं, म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर, ही जुनी युक्ती. त्यात खड्डा भरतो पण भरतो तो तंतुमय कूर्चेने, ज्यात टाइप 1 कोलॅजेन, वर सांगितलेलं दाबाचं गणित तिला नीट जमत नाही आणि ती लवकर खराब होते. 1994 मध्ये स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवल्या, ते तंत्र सुधारत आजही वापरलं जातं. पण ते तरुण गुडघ्यातल्या एखाद्या ठरावीक खड्ड्यासाठी आहे, सगळा सांधाच बिघडलेला असेल तर पेशी लावायच्या कुठे?

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, सध्या धुमधडाक्यात चालू. ऑस्ट्रेलियात 288 जणांवर नीट आंधळी (म्हणजे कोणाला काय टोचलं ते रुग्णालाही माहीत नाही अशी) ट्रायल झाली, 2021 मध्ये निकाल आला, वर्षभराने वेदनेत आणि कूर्चेच्या घनफळात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा काही फरक नाही. 'स्टेम सेल' म्हणजे वेगवेगळ्या ऊती बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, त्यांचा तर त्याहून गाजावाजा. 2023 च्या अमेरिकन ट्रायलमध्ये अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तिन्ही प्रकारच्या पेशी साध्या स्टेरॉईडसमोर ठेवल्या, वर्षाअखेर एकही प्रकार सरस ठरला नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. सांध्यात सोडलेल्या पेशी फार दिवस टिकत नाहीत, आणि टिकल्या तरी मूळ जाळी विणायला तेव्हा गर्भातली आणि वाढीची सगळी वर्षं लागली होती, ती एका सिरिंजने होईल असं मानायला आधार काय. तरी "तुमच्याच पेशींनी नवीन गुडघा" असे बोर्ड लावलेली क्लिनिक्स जगभर आहेत.

जे खरोखर कूर्चा जाड करतं असंही एक औषध निघालं, स्प्रिफर्मिन, एफजीएफ-18 या वाढीच्या घटकाचं रूप. दोन वर्षांनी कूर्चा प्लासिबोपेक्षा 0.05 मिलिमीटर जाड. आकडा छोटा असला तरी दिशा पहिल्यांदाच उलटी फिरली होती, मी तर खूश झालो होतो. पण रुग्णांचं दुखणं प्लासिबोइतकंच. कूर्चा दुखत नाही हे वर आलंच आहे, तेच इथे आडवं आलं.

आणि ते स्टॅनफर्डचे उंदीर. वय वाढलं की 15-पीजीडीएच नावाचं एन्झाइम वाढतं, ते प्रोस्टाग्लँडिन ई2 नावाचं शरीरातलं निरोप पोचवणारं रसायन तोडतं. त्याला अडवणारा रेणू म्हाताऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांची पातळ झालेली कूर्चा जाड झाली, तीही खऱ्या गुळगुळीत प्रकारची, आणि स्टेम सेल नावाचं काही मधे न येता, तिथल्याच जुन्या पेशींनी वागणूक बदलली. रिप्लेसमेंटमध्ये काढून टाकलेल्या माणसांच्या ऊतीवरही प्रयोगशाळेत चांगली चिन्हं दिसली. गंमत म्हणजे हेच प्रोस्टाग्लँडिन ई2 दाबायला आपण आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी गिळतो, म्हणजे सगळा मामला मात्रेचा आणि जागेचा.

पण उंदराच्या गुडघ्यातली कूर्चा मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असते, त्याच्या गुडघ्यावर येणारं वजन ग्रॅममध्ये, आणि त्याच्या हाडांच्या वाढीच्या पट्ट्या म्हातारपणीही पूर्ण बंद होत नाहीत. आपल्या विशीच्या आसपासच बंद होतात, जाळी विणणं थांबतं तेही साधारण त्याच सुमाराला. त्यामुळे माणसातल्या ट्रायलमध्ये मी तरी आधी जाडीचा आकडा बघणार नाही. आधी नवीन थरातलं कोलॅजेन कुठल्या प्रकारचं आहे ते बघेन, मग तो थर दाब धरतो का, आणि मग प्लासिबोवाल्यांचं दुखणं किती उतरलं.