मेघबीजन संशोधन (महाराष्ट्र)

ढगात सूक्ष्म कण सोडल्याने पाऊस वाढतो का, आणि वाढत असेल तर किती, हे मोजमापाने ठरवण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (स्थापना १९६२) बारामती व सोलापूर परिसरात केलेले प्रयोग. व्यवहारात या सगळ्याला ‘कृत्रिम पाऊस’ असे म्हटले जाते. हा शब्द फसवा आहे. मेघबीजनाने ढग निर्माण होत नाही. आधीच असलेल्या आणि पुरेसे पाणी धरून असलेल्या ढगातून, एरवी पडला असता त्यापेक्षा थोडा अधिक पाऊस पडावा एवढाच त्याचा हेतू असतो.

दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर सोलापूरला तो जेमतेम सातशेच्या आसपास असतो. जून ते सप्टेंबर या काळात या पट्ट्यावर ढग अनेकदा दाटून येतात आणि न बरसताच पुढे सरकतात. हे ढग का बरसत नाहीत, या प्रश्नातूनच हे संशोधन सुरू झाले.

ढगातील थेंबाचा व्यास साधारण दहा ते वीस मायक्रोमीटर असतो, आणि जमिनीवर पोचणारा पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सगळे थेंब जवळपास सारख्याच आकाराचे असतील तर ते सारख्याच संथ गतीने तरंगतात, एकमेकांवर आदळत नाहीत आणि ढग तसाच विरून जातो. अशा उष्ण ढगात, म्हणजे ज्याचे तापमान गोठणबिंदूच्या वर आहे अशा ढगात, मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड यांसारख्या ओलावा शोषणाऱ्या क्षाराचे कण सोडले, तर त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात आणि खाली येताना वाटेतले लहान थेंब गिळत जातात. अधिक उंचीवर, शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाणी असेल तेथे सिल्व्हर आयोडाइड वापरतात. त्याच्या स्फटिकाची रचना बर्फाशी मिळतीजुळती असल्याने त्यावर हिमकण वाढू लागतात.

बारामतीच्या प्रयोगात विमानातून मिठाची बारीक भुकटी ढगांत सोडली गेली. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ असे एकूण ११ पावसाळे हे काम चालले. क्षेत्राचे दोन भाग करून त्यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा राखला होता. एखाद्या दिवशी कोणत्या भागात बीजन करायचे हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवावे तसे, ठरत असे आणि दुसरा भाग तुलनेसाठी मोकळा सोडला जाई. एकाच दुपारी शेजारच्या दोन गावांच्या पावसात दुपटीचा फरक पडू शकतो, अशा प्रदेशात वीस-पंचवीस टक्क्यांची वाढ दोन-चार पावसाळ्यांत ओळखू येणे कठीण, हे लक्षात घेतले म्हणजे हा चिवटपणा का लागला ते कळते. अखेरीस २४ टक्के वाढ नोंदली गेली, आणि असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ४ टक्के असल्याचे सांख्यिकीय विश्लेषणातून निघाले. मात्र ढगाच्या आत नेमके काय घडले हे दाखवणारी साधने त्या काळी फारशी हाताशी नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे काम २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘कायपीक्स’ या राष्ट्रीय प्रकल्पाने केले. मेघ व वायुकलिले (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) यांची परस्परक्रिया आणि पर्जन्यवृद्धी हा त्याचा विषय. पहिल्या टप्प्यात बीजनावर भर नव्हता. देशाच्या निरनिराळ्या भागांत उपकरणांनी सज्ज विमान ढगांतून नेऊन थेंबांचे आकार, त्यांची संख्या आणि हवेतील कण मोजण्यात आले. प्रदूषित हवेत थेंब संख्येने जास्त पण आकाराने लहान राहतात, त्यामुळे पाऊस सुरू होण्यासाठी ढगाला अधिक उंच वाढावे लागते, ही बाब या निरीक्षणांतून भारतीय मोसमी ढगांसाठी स्पष्ट झाली. पर्जन्यवृद्धीपेक्षाही हे फलित मोलाचे मानावे लागेल, कारण धूर आणि धूळ यांचा मोसमी पावसावर होणारा परिणाम हा हवामानबदलाच्या अभ्यासातील एक अवघड भाग आहे.

चौथा टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर येथे पार पडला. रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे यांच्या जोडीला दोन विमाने होती. बीजनाचे विमान ढगाच्या तळाखाली, वर चढणारा हवेचा प्रवाह सापडेल तेथे जाऊन पंखांना जोडलेल्या क्षाराच्या नळकांड्या पेटवी, आणि निघालेला धूर तो प्रवाहच ढगात ओढून घेई; दुसरे विमान ढगात शिरून थेंबांत होणारा बदल टिपत असे. योग्य ठरलेल्या ढगांपैकी काहींत बीजन झाले, काही मुद्दाम तसेच सोडले गेले. थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार काही ठिकाणी पाऊस सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, तर बीजनाच्या जागेपासून वारा वाहतो त्या बाजूच्या १०० चौ. किमी. क्षेत्रात सरासरी वाढ १८ टक्के होती. अशा रीतीने मिळालेल्या पाण्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे धरण्यात आला असून, बीजनाचे विमान देशी असल्यास तो निम्म्याहून कमी होईल, असा अंदाज आहे. वृत्तपत्रांतून ४६ हा आकडा जास्त फिरला. नियोजनाच्या दृष्टीने उपयोगाचा आकडा मात्र १८ हाच.

राज्य शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये हाती घेतलेल्या कृत्रिम पावसाच्या मोहिमा या प्रयोगांहून वेगळ्या आहेत. टंचाईच्या वर्षी जो योग्य ढग दिसेल त्यात बीजन करणे हेच मोहिमेचे काम असते. काही ढग तुलनेसाठी सोडून देण्याची चैन तिला परवडत नाही, आणि त्यामुळे नंतर पडलेल्या पावसापैकी बीजनाचा वाटा किती हे सांगता येत नाही. शिवाय अशी मागणी जोर धरते ती पावसाने ओढ दिल्यावर, म्हणजे नेमके बीजनाजोगे ढग दुर्मिळ झालेले असताना. पवनचक्क्यांमुळे ढग पळतात असे जसे काही भागांत बोलले जाते, तसेच विमानाने ढग पांगवले असेही शेतकऱ्यांकडून ऐकू येते. आपल्या शिवारावरचा ढग फवारणीनंतर न बरसता निघून गेलेला ज्याने पाहिला, त्याला बहुसंख्य ढग एरवीही न बरसताच जातात हे पटवणे सोपे नसते. आणि त्याच ढगात बीजन केले नसते तर काय झाले असते, हे त्या एका ढगापुरते कोणत्याही उपकरणाला दाखवता येत नाही.