परांचीची आडवी काठी

मावशी मोरीत घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "अगं, रिपोर्ट तर बरा होता ना माझा?" दोनच महिन्यांपूर्वी सोसायटीतल्या मोफत शिबिरात तिची टाच हाडांची घनता मोजणाऱ्या मशीनमध्ये घालून 'किंचित कमी' असा कागद दिला होता. सोबत कॅल्शियमची बाटली, ती मात्र विकत.

घोळ शब्दापासूनच आहे. आपण 'हाडांची झीज' दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. गुडघ्यातली कूर्चा झिजते ती दुखते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होतं आणि मोडेपर्यंत हूं की चूं करत नाही. त्यामुळे गुडघ्याच्या 'झिजे'वर मावशी वर्षभर कुठल्याशा वैदूच्या पुड्या घेत होती. दोन दिवसांत आराम देणाऱ्या असल्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइड हाडाचा पक्का वैरी. त्यापेक्षा तांब्याचं कडं बरं. उपयोग शून्य, पण निदान हाड तरी खात नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. मणक्याचं हाड आतून जाळीदार असतं, इमारतीभोवती बांधलेल्या बांबूच्या परांचीसारखं. उभ्या काठ्या भार पेलतात, आडव्या त्यांना धरून ठेवतात. ही परांची आयुष्यभर दुरुस्तीला काढलेली असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी दोन-तीन आठवडे जुनं हाड खणतात, मग ऑस्टिओब्लास्ट तो खड्डा तीन-चार महिने भरत बसतात. खणणाऱ्यांना वेळेवर मरायला लावणं हे इस्ट्रोजेनचं, म्हणजे अंडाशयांतून येणाऱ्या संप्रेरकाचं, एक काम. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, खणणाऱ्या जास्त जगतात आणि जास्त खोल खणतात. जाड काठीत खड्डा पडला तर निदान थोडा तरी भरतो. बारीक आडव्या काठीत मात्र तो आरपार जातो. काठीच तुटली, तर भरणाऱ्यांनी बसायचं कुठे? बांबूचा ढीग आणून टाकला म्हणून परांची बांधली जात नाही. कॅल्शियम लागतंच, पण त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं, की सडपातळ खांब किती भाराला वाकेल हे त्याच्या आधाराविना असलेल्या लांबीच्या वर्गावर ठरतं. लांबी दुप्पट, तर ताकद चौथाई. म्हणजे मधली एक आडवी काठी गेली की उभ्या काठीची ताकद पावपट उरते. आणि हाडाचं वजन किती घटलं? एका बारीक काठीएवढं.

डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणी हाडात दर चौरस सेंटिमीटरमागे खनिज किती ते मोजते, काठ्या मोजत नाही. निरोगी तरुण बायकांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनं खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, अशी उणे २.५ ची रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली, पण हाड मोडलेल्या निम्म्याहून अधिक बायका त्या रेषेच्या अलीकडेच असतात. म्हणून २००८ मध्ये शेफील्ड विद्यापीठातून आलेलं फ्रॅक्स हे हाड मोडण्याचा धोका सांगणारं गणित डेक्साशिवायही चालतं. वय, आधी मोडलेलं हाड, आईवडिलांचा मोडलेला खुबा, किरकोळ वजन, तंबाखूचा धूर, दारू, आमवात, स्टेरॉइड, हे सगळं ते विचारतं.

शिबिरात मावशीला यातलं एकही विचारलं नाही. आजीचा खुबा मोडला होता. आणि एकेचाळिसाव्या वर्षी मावशीची 'पिशवी काढली', अंडाशयांसकट. पाळी आपसूक जाताना इस्ट्रोजेन काही वर्षांत उतरतं, इथे ते एका दुपारीच गेलं. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढल्याचं सरकारने २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायका होत्या. नुसतं गर्भाशय काढलं तरी अंडाशयं बऱ्याचदा लवकर थकतात. या बायकांच्या हाडांचा हिशोब अजून व्हायचाय.

मोरीतली शेवाळलेली फरशी, झोपेची गोळी, न काढलेला मोतीबिंदू हीही कारणंच. ती कुठल्याच मशीनला दिसत नाहीत.

परवा मावशीला दाराच्या चौकटीला उभं करून मापलं. हल्ली साडी पायात येते अशी तिची तक्रार होती. मणके एकेक करून चेपतात, बहुतेकदा कळतही नाही. लग्नाच्या बायोडेटात उंची पाच फूट दोन इंच. आता भरली पाच फूट. तेव्हा आजोबांनी एखादा इंच वाढवून लिहिला असेल असं धरलं, तरी उरलेला एक इंच मणक्यांच्याच खाती जातो.